सत्कार बाईंच्या हातून

जयंतीबाई शेवटच्या रांगेत खांबाच्या आडोशाला बसल्या होत्या. तिथून मंच अर्धाच दिसत होता आणि त्यांना तेवढाच पुरत होता.

मुलुंडहून दोन बस बदलून त्या विद्यापीठाच्या आवारात आल्या होत्या. फाटकावर मुकुलचा मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'करिअर कार्यशाळा आणि व्याख्यान. सर्वांना प्रवेश.' सर्वांना म्हणजे आपल्यालाही का, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. "जावा ना मावशी," तो म्हणाला, "आत एसी आहे."

मुकुलशी त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढंच. वाटभर ते घोळवत आल्या होत्या. पण पुढे जायचा धीर होत नव्हता, कारण पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या ओळीत दर्शना बसली होती. पाठमोरी, जरीच्या साडीत, अंबाड्यावर गजरा माळून. तरी जयंतीबाईंनी तिला मानेवरूनच ओळखलं. एके काळी दोघी रोज एकमेकींसमोर वावरल्या होत्या. आता तिने मागे वळून बघू नये, एवढंच त्या मागत होत्या.

"त्या पुढच्या बाई कोण गं?" त्यांनी शेजारच्या मुलीला उगाच विचारलं. मुलीच्या छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला होता. त्यावर नाव होतं, ऋता.

"असतील कुणी ट्रस्टी. नाव विचारलं तर म्हणाल्या, नको, मी नुसती ऐकायला आलेय. आणि काकू, तुम्ही? सरांचे व्हिडिओ बघता वाटतं?"

"नाही गं. माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला तो."

ऋताने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

मंचावर मुकुल बोलत होता. "मुलाखतीत गरिबी सांगायला लाजू नका. माझी आई एका घरी भांडी घासायची. शाळा सुटली की मी त्या इमारतीच्या जिन्यात बसायचो. आत यायची परवानगी नव्हती. जिन्यात एक बल्ब होता, त्याखाली अभ्यास करायचो. आई जिच्याकडे कामाला होती, तिला ती वहिनी म्हणायची. मी वही उघडली की वहिनी स्टूल घेऊन बाहेर यायच्या, पदरात धरून बल्ब काढायच्या आणि आत न्यायच्या. सोसायटीचं बिल वाढतं म्हणे. माझे सगळे पाढे अंधारात पाठ झालेत."

पोरं हसली, मग गप्प झाली.

"आई आतून बघायची. बोलायची नाही. बोलली असती तर काम गेलं असतं."

जयंतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"काय बाई असेल यार ती," ऋता पुटपुटली. "लहान पोराचा बल्ब काढते. असली माणसं असतात?"

"असतात."

"आणि आता कुठेतरी मजेत असेल, बघा."

जयंतीबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटून बोटं वाकडी झाली होती. ऋताने ती बोटं पाहिली, विटलेली साडी पाहिली, ओले डोळे पाहिले.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सरांच्या आई ना?"

जयंतीबाईंचे ओठ हलले. "कुणाला सांगू नकोस."

"भांडण झालंय?"

"बरीच वर्षं बोलणं नाही."

"मग आज होऊन जाऊ दे." जयंतीबाईंनी तिचा हात धरेपर्यंत ऋता उठून मंचापाशी पोहोचलीसुद्धा.

निवेदन करणाऱ्या सर्वेशने माइक घेतला. "मित्रांनो, खुद्द सरांना ठाऊक नाही, पण ज्यांनी ती भांडी घासली त्या त्यांच्या आई आज मागच्या रांगेत आहेत."

सभागृह उभं राहिलं. ऋताने परत येऊन त्यांचा दंड धरला.

"नको गं बाळा. लाज वाटते."

"लाज त्या बाईला वाटू दे. तुम्ही चला."

वाटेत एका मुलाने वाकून पाय धरले. जयंतीबाईंना वाटलं, दार गाठावं आणि पळावं. मग वाटलं, वर तो जवळ तरी असेल. एक वाक्य तर आहे.

त्या वर चढल्या. मुकुलने पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. जयंतीबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात सर्वेश मध्ये आला.

"बाईंचा सत्कार बाईंच्याच हातून व्हावा," सर्वेश म्हणाला आणि पहिल्या रांगेकडे वळला. तिथे बाई एकच होती. "ताई, तुम्ही येता का?"

दर्शना सावकाश वर आली. मुकुलचा हात माइककडे गेला होता. तिने त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, तसा तो थांबला.

तिने शाल उलगडली, जयंतीबाईंच्या खांद्यांवर घातली, चुणी सरळ केली. समोर मोबाइल चमकत होते. मग माइकला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती त्यांच्या कानाशी वाकली.

"पोरं बघतायत. मान वर करा, वहिनी. आज तुम्हीच त्याची आई."