भिंतीवरचं नाव

वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम, सुतळीने बांधलेली.

मेढ्यातल्या एका मेडिकलचं शटर, भर बाजारच्या दिवशी खाली.

'तीन महिन्यांसाठी फार्मासिस्ट पाहिजेत. मूळ प्रमाणपत्र सोबत आणावे.'

दम्याच्या कॅप्सूलची अर्धी रिकामी डबी, म्हातारीच्या मुठीत.

पांढरा कोट. घडीच्या रेषा अजून तशाच.

कोट समीनाचा. सांगलीच्या हॉस्पिटलात ती एकटीच येणार होती, पण प्रमाणपत्र मेढ्याच्या दुकानात टांगलेलं. फार्मासिस्ट म्हणून तिचं नाव नऊ वर्षं त्या दुकानाला भाड्याने दिलेलं होतं. ती स्वतः काउंटरला एक दिवसही उभी राहिली नव्हती. आता तरी उभं राहायचं, असं तिने ठरवलं होतं. मग काउंटर सांभाळणारा ज्ञानूच फ्रेम घेऊन एसटीने आला आणि बाकावर टेकला.

भरती बघणाऱ्या उत्कर्षा मॅडमनी पुस्तकातलं काही विचारलं नाही. औषधांच्या खिडकीशी बनुबाई नावाची म्हातारी धापा टाकत उभी होती. यांना समजावून सांगा, म्हणाल्या, तीच तुमची परीक्षा.

समीनाने चिठ्ठी वाचली. औषधाचं नाव, घटक, सगळं आठवलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, आजी. स्पष्ट सांगितलं. बनुबाईंनी मान हलवली. महिनाभर त्या तेच करत होत्या आणि दम तसाच होता.

ज्ञानू बाकावरून उठला.

"आजी, घेताय कशी ती? दावा बघू मला."

बनुबाईंनी कॅप्सूल जिभेवर ठेवली.

"थांबा. गिळायची न्हाई ती. यंत्रात फोडायची न् तोंडानं वढायची." खिडकीतून एक यंत्र मागून घेऊन त्याने करून दाखवलं.

"यंत्र व्हय," बनुबाई म्हणाल्या. "ते नातवाला दिलंय खेळाय."

रांगेतले हसले. उत्कर्षा मॅडम हसल्या नाहीत. तुमचं प्रमाणपत्र दाखवा, त्या ज्ञानूला म्हणाल्या.

ज्ञानूने बाकावरच्या फ्रेमकडे बोट केलं. "आमी त्येच्याखाली उभा ऱ्हातो, मॅडम."

त्याच्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र नाही, हे उत्कर्षा मॅडमना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुतळी सोडली, फ्रेमवरचं नाव अर्जाशी ताडून पाहिलं आणि सही केली. समीनाने सोमवारपासून यायचं. प्रमाणपत्र आता इथंच राहणार, एक नाव दोन ठिकाणी चालत नाही.

समीनाची मान वर होईना. दुकानाचं काय, तिने हळूच विचारलं.

मालक दुसरं नाव बघतील, ज्ञानू म्हणाला. मिळालं तर उघडायचं. मग त्याने यंत्र तिच्या हातात दिलं.

"आजीला आता तुमी सांगा."

समीनाने सांगितलं. फोडायची, तोंडात धरायचं, जोरात ओढायचं, श्वास रोखायचा. एकही शब्द चुकला नाही. बनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यावरून ज्ञानूला विचारलं, "बराबर सांगतीया का रं ही?"

नऊ वर्षांपूर्वी, समीनाचं नाव दुकानाला लागलं त्या दिवशी, ज्ञानूने काउंटरमागे दोन खुर्च्या मांडल्या होत्या.