दाराजवळची खुर्ची

"एक आधीच सांगून ठेवतो," फोनवरचा माणूस म्हणाला. "कोणाला ओढून आणायचं नाही. ओढून आणलेला टिकत नाही. ज्याची सवय, त्याने आपल्या पायांनी चालत यायचं. सोबतीला घरचं एक माणूस चालेल. बरं, तुम्ही कोणासाठी विचारताय?"

घड्याळवाल्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत लेक भांडी आपटत होती. दारू सोडवणाऱ्या बैठकीचा हा नंबर त्याने दवाखान्याच्या फळ्यावरून उतरवून घेतला होता आणि तीन आठवडे चष्म्याच्या डबीत दडवून ठेवला होता.

"स्वतःसाठीच," तो म्हणाला.

लेकीला सांगितलं, तेव्हा ती बघतच राहिली. "तुम्ही? तिथे जाणार?"

"एकट्याने नाही जमायचं. तू चल. नुसती बस."

"मला ढीगभर कामं आहेत, बाबा."

"पोरीसाठी चल."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. पोर म्हणजे त्याची सात वर्षांची नात. 'त्या घरात बाटली आहे तोवर माझी मुलगी तिथे पाऊल टाकणार नाही,' असं जावयाने बजावलं होतं. जावयाचं काही चुकलं, असं घड्याळवाल्याला कधी वाटलं नाही. पण आठ महिने झाले होते. नातीच्या इवल्याशा चपला दारामागे तशाच पडून होत्या, आणि त्या पाहिल्या की त्याला घास जात नसे.

बैठक दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरे. चौदा खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, किटलीत चहा. बैठक चालवणारा निवृत्त बसचालक होता. सगळे त्याला मामा म्हणत. लेक दाराजवळच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, पुढच्या थांब्यावर उतरायचं असल्यासारखी.

घड्याळवाला उभा राहिला. मुळात अबोल माणूस, पण त्या दिवशी काही हातचं राखलं नाही. धुण्याच्या पावडरीच्या डब्यात तळाशी दडवलेली बाटली सांगितली. शाळेचा कार्यक्रम सांगितला. नात स्टेजवर गात होती.

"पहिल्या रांगेत खुर्चीवरून पडलो. पोर गाणं विसरली. माझ्याकडेच बघत राहिली."

कोणीतरी विचारलं, "कशातून घ्यायचात? सोडा की पाणी?"

घड्याळवाला गांगरला. "दुधातून."

खोली खो खो हसली.

"पाण्यातून," दाराजवळून लेक म्हणाली.

"घरच्यांना सगळं पाठ असतं," मामा म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

जिना उतरताना लेक कडाडली. "घरची लक्तरं अशी वेशीवर टांगायची? झाकली मूठ राहू द्यायची होती ना!"

"खोटं बोललो का मी?"

ती घरापर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली.

झालं, संपलं, असं त्याला वाटलं. पण पुढच्या गुरुवारी साडेपाचला ती स्वतःच चप्पल घालून दारात उभी. का, ते त्याने विचारलं नाही. चालती गाडी थांबवून चाकं तपासू नयेत, एवढं त्याला कळत होतं.

असे गुरुवार जात राहिले. एकदा मामाचं मनगटी घड्याळ बंद पडलं. घड्याळवाल्याने खिशातला चिमटा काढला, तिथेच ते उघडलं आणि खसखशीएवढा स्क्रू एका दमात जागी बसवला. मामा मात्र घड्याळाऐवजी त्याच्या बोटांकडे बघत होता.

"हात छान आहे तुमचा," एवढंच तो म्हणाला.

तीन महिने पुरे व्हायला एक आठवडा उरला, तेव्हा लेकीच्या हातून बैठकीत चहाचा कप निसटला. ती घामाघूम झाली होती. जिना चढून दम लागला, म्हणाली.

रविवारी ती आंघोळीला गेली तसा घड्याळवाल्याने पावडरीच्या डब्यात हात घातला. पावडर, नुसती पावडर. बाटली गेली कुठे? त्याने कपाट पाहिलं, माळा पाहिला, पाण्याची टाकीसुद्धा सोडली नाही. तेवढ्यात लेक बाहेर आली. चोराच्या मनात चांदणं. तो टॉवेल शोधायचं सोंग करू लागला. कोपरापर्यंत पांढरा झालेला त्याचा हात तिने पाहिला आणि ती केस पुसत आत गेली. त्या दिवशी दोघांनीही अर्धवट जेवून ताटं सारली.

गुरुवारी मामाने पितळी बिल्ला काढला. तीन महिने पार पाडणाऱ्याला तो मिळे. घेताना सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं, अशी रीत होती.

"म्हणा, घड्याळवाले. तीन महिन्यांत एक थेंब नाही."

घड्याळवाल्याचा हात पुढे होईना. सगळे टाळ्या वाजवायला थांबले होते.

मागे खुर्ची सरकली. लेक चालत पुढे आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"त्यांना देऊ नका, मामा," ती म्हणाली. "बाबांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. दुधातून कोण पितं? डब्यातली बाटली माझी. खुर्चीवरून पडले, ती मी." तिने पर्स खाली ठेवली. "आज माझा नववा दिवस."