डाळिंबी पट्टा

"आपल्या तृतीयपंथीयांच्या झेंड्यात हा डाळिंबी पट्टा कशाला?" संघटनेत सगळ्यांनी विचारलं. मी एवढंच म्हणाले, की चित्र मी काढलंय, रंग मीच ठरवणार. आणि झेंडे शिवून घ्यायचे ते अण्णांच्याच दुकानात.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळ्या पक्षांचे झेंडे शिवतात. "कापडाला धर्म नसतो," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. सोळाव्या वर्षी मी आईची डाळिंबी साडी नेसले, तेव्हा मात्र भर पेठेत, दुकानाच्या पायरीवर, त्यांनी ती माझ्या अंगावरच कात्रीने कापली. मला हाकलून दिलं. चिंध्या ठेवून घेतल्या, मशीन पुसायला.

दुकानाची एक जुनी रीत आहे. नव्या झेंड्याचा पहिला नग मालकाने स्वतः दारावरच्या काठीला चढवायचा. वाऱ्यावर कसा उडतो, ते गिऱ्हाइकासमोर बघायचं.

ऑर्डर मैत्रिणीच्या नावाने दिली होती. झेंडा चढवायच्या दिवशी बारा वर्षांनी मी पेठेत गेले, डाळिंबीच साडी नेसून. अण्णा स्टुलावर उभे राहून दोरी ओढत होते. झेंडा अर्ध्यावर उलगडला, त्यांनी खाली पाहिलं आणि मी दिसले. हात तिथेच थांबला. शेजारचे दुकानदार बाहेर आले.

"कुणाचा झेंडा हा, अण्णा?" एकाने विचारलं.



"त्यांच्या मुलीचा," मी म्हणाले. "ओढा अण्णा, अजून वर. त्या दिवशी अख्ख्या पेठेने पाहिलं होतं, आजही पाहू दे."