कुरीचे आठ डबे

"सकाळी एक, संध्याकाळी एक. आठ डबे आहेत. दुसरं काही म्हणजे काही घालायचं नाही," कुवाबाराबाईंनी बजावलं.

दुकानात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या चिनात्सुनं डबे मोजून घेतले. मऊ भात, शिजवलेला भोपळा, काटे काढलेला मासा. बाबागाडीत मखमली पांघरुणाखाली कुरी पडून होता. नऊ वर्षांचा पूडल जातीचा कुत्रा, डाव्या कानाचं टोक तुटलेलं. दोन महिन्यांत नुसतं कातडं उरलं होतं.

"बाईसाहेब, आमच्याकडे हरणाचं ताजं मांस आहे. ते घालू का?"

"नको. सूनबाई माझ्यासाठी शिजवते, त्यातलंच हे. घरीसुद्धा आधी हा जेवतो, मग मी." बाई काचेपलीकडे सून बसलेल्या गाडीकडे बघून हळूच म्हणाल्या, "डबे दिलेत हे तिला सांगू नकोस हं. कुत्र्याला घातलं की चिडते."

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूसाठी त्या चार दिवस इस्पितळात जाणार होत्या. जाताना दोनदा मागे वळल्या.

"आधी कुत्रा, मग म्हातारी!" सोबत काम करणारी इकुए कात्री पुसत हसली. "मेल्यावर कुत्रं व्हायचं तर टोकियोत या श्रीमंतांच्या शिरोकानेतच व्हावं बाई."

चिनात्सुला हसू आलं नाही. या दुकानात कुत्र्यांच्या कपड्यांना वेगळी खोली होती. कामावरच्या पोरी जिन्याखाली उकिडव्या बसून जेवायच्या. काचेच्या खणात विकायला ठेवलेलं पिल्लू सहा महिन्यांचं झालं की ते शिळं. मग एक पांढरी गाडी यायची. ती कुठे जाते हे विचारलेलं मालकाला खपत नसे.

पहिल्या दिवशी कुरीनं दोन डबे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्याच ओकारीत लोळत होता. चिनात्सुनं त्याला कोमट पाण्यानं धुतलं आणि केस वाळवायच्या गरम हवेच्या पेटीत ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला. दहा मिनिटं गेली, फार तर बारा.

परत आली तेव्हा कुरी आडवा होता. जीभ बाहेर. पेटीच्या उष्णतेचा काटा नेहमीच्याच जागी होता. तिनं तो तीनदा तपासला.

मालक हिरोसे आले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं नाही, आधी दार लावून घेतलं.

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. आपण बाईंना फोन करू या. मी माफी मागते."

"माफी? उद्या सगळ्या शिरोकानेत होईल, हे लोक कुत्रे भाजतात म्हणून. तुला पुन्हा कुणी कात्री हातात देईल? गावी आईला काय सांगशील?"

चिनात्सुनं कुरीवर टॉवेल ओढला.

"सात नंबरच्या खणात शिळा पूडल आहे ना? परवा गाडी न्यायला येणारच होती. त्याला कुरीसारखा काप. कातडीखालच्या ओळखीच्या चिपचं मी बघतो."

"पण कान..."

"फीत बांध."

तिनं कापला. अस्वलाच्या बाहुलीसारखं गोल तोंड, पायांना गोंडे, डाव्या कानावर निळी फीत. काम चोख झालं. उरलेले सहा डबे तिनं कचऱ्यात पालथे केले, घासले, पुसून रांगेत ठेवले. नव्या कुरीनं दुकानातलं मांस हादडलं.

ठरल्या दिवशी कुवाबाराबाई आल्या. सोबत सून आत्सुको, अंगावर फिकट राखाडी कोट. बाईंना आता लख्ख दिसत होतं.

बाई खुर्चीत टेकल्या तशी पिल्लानं त्यांच्या मांडीवर उडी घेतली आणि हनुवटी चाटली.

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई! इतका तांबूस आहेस होय रे तू? मला मेलीला एवढे दिवस मळकट दिसायचास!" त्या हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "याचं वजन कर पोरी."

"तीन किलोला थोडं कमी, बाईसाहेब."

"वाढलं," बाई पुटपुटल्या. "वाढलं की गं!"

आत्सुको पुढे आली. तिची चाहूल लागली की कुरी पांघरुणाखाली शिरायचा, हे चिनात्सुनं कितीदा पाहिलं होतं. हा तिच्या बोटांशी खेळू लागला. आत्सुकोनं निळी फीत बोटानं सरकवली. अखंड कानाकडे पाहिलं. मग चिनात्सुकडे पाहिलं, सावकाश.

संपलं, चिनात्सुला वाटलं. आता ही ओरडणार.

आत्सुकोनं फीत पुन्हा नीट बसवली.

"अगदी ठणठणीत झालाय हो, आई," ती म्हणाली. "मी गाडी दारात आणते."

दार सरकलं आणि मिटलं. हिनं का लपवलं? चिनात्सुला काही उमगेना, पण छातीवरचा दगड उतरला होता. बाईंनी तिचा हात धरला. बोटं गार होती.

"खरं सांग पोरी. डबे सगळे यानंच खाल्ले? आठच्या आठ?"

आता मागे फिरणं नव्हतं.

"आठच्या आठ, बाईसाहेब. चाटूनपुसून."

बाईंचे नवे डोळे भरून आले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा, हलकेच. त्यांनी पिल्लाला छातीशी धरलं आणि चिनात्सुच्या कानाशी वाकल्या.

"कुणाला बोलू नकोस. दोन महिने मला वाटत होतं, सून माझ्या जेवणात काहीतरी कालवते. म्हणून आधी याला घालायची, नि हा आजारी पडला की माझं ताट तसंच लोटायची. पाप केलं गं मी. आज घरी गेल्यावर तिच्या हातचं पोटभर जेवते."