सुपडूच्या दातातली कीड

वरचा, डावा

"आ कर."

सुपडू आ करेना. कमलबाईने त्याचं नाक दाबलं, तसं तोंड उघडलं. वरच्या ओळीत डावीकडे काळा ठिपका.

"साखर खादी ना रे?"

"नही खादी."

"मंग हाई काय शे?"

पाच वर्षांच्या सुपडूने ओठ घट्ट मिटले.

कमलबाई नऊ वर्षांची असताना होळीच्या साखरेच्या हार-कड्यांनी तिचे समोरचे दोन दात खाल्ले होते. तेव्हापासून ती पदर तोंडाशी धरूनच हसायची. पाहायला आलेल्या मंडळींपुढे तर हसलीच नाही. त्यांना वाटलं, पोर मोठी गंभीर. सुपडूला पहिला दात आला, त्याच दिवशी तिने ठरवलं होतं: याला तोंड झाकून हसायला लागणार नाही.

वरचा, उजवा

साखरेचा डबा सासूच्या ताब्यात. नर्मदाबाई रोज चिमूटभर साखर सुपडूच्या धाकट्या भावाच्या, तान्ह्या मगनच्या जिभेवर ठेवायच्या.

"आत्या, लेकरूना दात किडतीन."

"त्याले दातच नहीत. किडी काय, हिरड्या?"

सुपडूही हात पसरायचा. त्या हातावर चापट मिळायची. "तू आते मोठा व्हयना. साखर धाकलास्नी."

कमलबाईने डबा उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात लपवला. तिसऱ्या दिवशी ठिपका उजवीकडे. डावीकडचा दात स्वच्छ!

शेजारच्या गुलाबबाईने निकाल दिला. "दातमा कीड ऱ्हास, कमल. ती चालस. काल डावीकडे व्हती, आज उजवीकडे पाहुणी गयी."

"मंग परत घर येई का?"

"पाहुणचार चांगला भेटना, तं कसाले येई?"

खालचे दोन

उरला सासरा. सारंगखेड्याची जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. दोधूआबा घोडी विकायला काढणार होते, म्हणून दिवसभर गोठ्यात. घोडीला खरारा, घोडीला गूळ. आणि सुपडू त्यांच्या धोतराला चिकटलेला.

गूळ! कमलबाई दाराआड उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"आबा, तुम्हीन पोऱ्याले गूळ देतस का?"

म्हाताऱ्याला राग आला. "घोडीना गूळ पोऱ्याले? घोडी इकनी शे, पोऱ्या नही!"

मग घोडीचा ओठ वर करून ते रोजच्यासारखे नातवाला व्यापार शिकवू लागले. "देख. दातवर काळा ठिपका शे, तं घोडी धाकली. ठिपका मिटना, तं डोकरी. डोकरीले कोन इचारस?"

सुपडूने मान डोलावली. आबांनी खुरांच्या औषधाची डबी मिटून कोनाड्यात ठेवली.

त्या दिवसापासून कमलबाईने गूळही कुलपात घातला. केळं बंद, पिकलं बोर बंद. सुपडू भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर आला. रडला, लोळला, नाक ओढत गोठ्यात गेला.

सकाळी खालचे दोन काळे.

"मी साखर खादी नही, माय!" तो शपथेवर सांगायचा. आणि जितकी शपथ मोठी, तितके दात काळे.

सगळे

जत्रेच्या दिवशी पहाटे सुपडूने जांभई दिली आणि कमलबाई किंचाळली. तोंडात जणू चुलीतला कोळसा.

गाडीत ती वाटभर मुसमुसत होती. सारंगखेड्याला उतरल्याबरोबर तिने पोराला उचललं आणि दात काढणाऱ्या रेवजीसमोर नेऊन बसवलं. रेवजीच्या सतरंजीवर उपटलेल्या दातांचा ढीग, शेजारी चिमटा, पाण्याचं घमेलं. दहा पावलांवर दोधूआबा घोडी धरून उभे. इंद्रसिंग नावाचं गिऱ्हाईक घोडीच्या तोंडात डोकावत होतं.

"वय काय म्हनतस?"

"चार वरीस. दात देखा ना भाऊ! मानूस खोटं बोली, दात बोली का?"

इकडे रेवजीने सुपडूचा जबडा धरला. "अरे देवा. बाई, हाऊ तं आख्खा बाजार शे. किती काढू?"

"ऱ्हातीन तेवढा ऱ्हाऊ द्या," कमलबाई हात जोडून म्हणाली.

रेवजीने फडकं मिठाच्या पाण्यात बुडवलं आणि एक दात घासला. फडकं काळं. दुसरा घासला. दात ज्वारीच्या दाण्यासारखा पांढराशुभ्र.

"बाई, कीड नही. हाऊ रंग लायेल शे."

कमलबाई हसली. भर जत्रेत, पदर न धरता, समोरच्या खिंडारासकट हसली. मग तिने पोराचा कान पिळला.

"काय लाया रे?"

"आबानी डबीमानं!" सुपडूने भोकाड पसरलं. इतकं मोठं, की बैलही वळून पाहू लागले. "आबा रोज घोडीना दातले लावस, ती धाकली व्हयनी. मी बी रोज लाया, मंग मी धाकला कसाले नही व्हयनू? मले साखर कसाले नही?"

इंद्रसिंगने उपरण्याचं टोक रेवजीच्या घमेल्यात बुडवलं आणि तो घोडीकडे वळला.