म्हसवडमधला एच

शिवांजलीने कमांड दिली आणि पडद्यावर रिकामा कंस उमटला. म्हसवड शाखा आजही सापडली नाही. गेले अकरा दिवस ती सापडत नव्हती, आणि ती कुठे आहे हे शिवांजलीला अकरा दिवसांपासून ठाऊक होतं.

काम तसं सरळ होतं. एका विमा कंपनीचं जुनं मेनफ्रेम मशीन बंद व्हायचं होतं. त्यातल्या चारशे बारा शाखांच्या फायली क्लाउडवर आणून टाकल्या होत्या. त्या सगळ्या पोचल्या का, एवढंच तिने साताऱ्याच्या ऑफिसात बसून बघायचं. फायलींबरोबर जुन्या चाचण्यांचा गाळही आलेला, त्यामुळे नुसतं मोजून भागत नव्हतं. कागदावरचं इंग्रजी स्पेलिंग घालून एकेक शाखा विचारावी लागे. चारशे अकरा शाखांनी ओ दिली होती.

उरलेली एक मिळाली की काम संपणार आणि साताऱ्याचं हे ऑफिसही बंद होणार. पुढचं काम पुण्यात होतं, आणि पुण्याचं नाव काढलं की तिचे वडील, आबा, उठून गोठ्यात जायचे. वडूजच्या घरून सकाळच्या एसटीने जा, संध्याकाळच्या एसटीने ये, एवढीच त्यांची तयारी. हे काम संपलं की नोकरी बास, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. विट्याचं स्थळ तर पंचांग उघडूनच बसलेलं.

म्हणून रोज सकाळी ती आधी म्हसवडच्या स्पेलिंगमधला एच गाळून विचारायची. फाइल हजर असायची. दुखरा दात जिभेने चाचपावा तसं ते बघून घ्यायची, मग एच घालून विचारायची आणि पुण्याच्या जयराज सरांना कळवायची, ‘नॉट फाउंड’. खोटं लिहिताना लाज वाटायची. उद्या हे खोटंही लिहायला मिळालं नाही तर, याची भीती त्याहून मोठी होती.

आज जयराज सरांनी लालासाहेबांना बोलावून घेतलं होतं. वय सदुसष्ट, राहणार म्हसवड, सगळी नोकरी त्या जुन्या मशीनवर केलेली. फायलींची नावं त्यांनीच ठेवलेली. त्यांनी चष्मा पुसला, तिची कमांड वाचली आणि हसले.

“ह्यात एच कुठला आणलास, पोरी? आमी मसवडच म्हनतो. बोलतो तसं लिवलं व्हतं मी. मुंबईचा सायेब लय हसला व्हता तवा. काढ त्यो एच.”

शिवांजलीचे हात मांडीवरून उठेनात. शेवटी लालासाहेबांनीच बोट पुढे केलं, पण ते दोनदा पडलं, तेही वरच्या बाणावर. मशीनने मुकाट्याने सकाळची पहिली कमांड समोर आणली. तिच्यात एच नव्हता.

लालासाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“ही तूच दिली व्हतीस?”

“व्हय.”

“मंग दडवलीस कशापायी?”

तिने सांगितलं. आबा, पुणं, विट्याचं स्थळ. जन्माचा प्रश्न होता, पण सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“काका, सापडली का?” जयराज सरांनी विचारलं.

लालासाहेब फोनकडे वाकले. “न्हाई, सायेब.”

“अहो, नाव तुम्हीच ठेवलंत ना?”

“ठिवलं व्हतं. पर आता ध्यानात न्हाई.”

“तुम्ही लोकांनी मनाला येईल तसा कारभार केलात आणि निस्तरायचं आम्ही. जाऊ द्या. वय झालं तुमचं.”

“व्हय, सायेब,” लालासाहेब म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते आणि त्यांनी चष्मा उगीचच परत पुसायला घेतला होता.

शिवांजलीला ते बघवेना. पडद्यावर बिनएचची कमांड तशीच उभी होती. तिने एंटर दाबलं.

“सर, सापडली,” ती म्हणाली. “काकांना आत्ता आठवलं. नावात एच नव्हताच.”

“अरे वा. मग आजच क्लोज करू. शिवांजली, सुटलीस तू.”

फोन ठेवल्यावर ती तोंडावर ओढणी धरून रडली. लालासाहेब खुर्चीत अवघडून बसले होते.

“कशाला दाबलंस?” ते म्हणाले. “मी सोसलं आस्तं की.”

“आवं काका, तुमाला काय बोलले ते.”

म्हसवडची गाडी वडूजवरूनच जाते. साडेपाचला दोघं एकाच बाकावर बसले. गाडी स्टँडबाहेर पडली तसा कंडक्टर आला. शिवांजली पर्स उघडेपर्यंत लालासाहेबांनी नोट पुढे केली होती.

“दोन हाफ. वडूज.”

बाईमाणसाला अर्धं तिकीट असतंच. म्हाताऱ्याचं वय बघायला कंडक्टरने आधार कार्ड मागितलं आणि ते उलटंपालटं करून बघितलं.

“काका, तुमी तर म्हसवडचं. गाडी जातीया म्हसवडपतोर.”

“ठाऊक हाय,” लालासाहेब म्हणाले. “दोनी वडूजचीच दे.”