काळी चौकट

रालित्सा बल्गेरियातल्या व्रात्सा गावी झिव्कोकाकांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात वाऱ्यासारखी शिरली. "काका, आज मॉनिटर घेतल्याशिवाय हलायची नाही मी. डिझाईन त्यावरच आणि गेमही त्यावरच."

काकांनी हौसेने सगळ्यात झगझगीत रंगांचा मॉनिटर लावला.

"रंग गेमला हवेत हो. डिझाईनला काळा लागतो. माझ्या जुन्या मॉनिटरवर काळासुद्धा राखाडी दिसतो."

"नुसत्या काळ्यात कसलं गं डिझाईन करतेस?"

तिने दुकानाच्या दाराकडे बोट केलं. तिथे काळ्या चौकटीतलं, काकूंच्या फोटोचं निधनाचं पत्रक चिकटवलेलं होतं. "गावात दारोदारी लागणारी ही सगळी पत्रकं छापखान्यासाठी मीच करते. काकूंचंही."

काका दारावरच्या फोटोकडे वळले. रालित्सा बोलतच राहिली. "म्हणून तर संध्याकाळ झाली की गेम. दिवसभर ज्यांना चौकटीत बसवते त्यातलं कुणी उठत नाही, काका. गेममध्ये मी वीसदा मरते आणि वीसदा उठते." बोलता बोलता तिचे डोळे लकाकले.

काकांनी आतून अगदी कुळकुळीत काळा दाखवणारा मॉनिटर आणला, गेम सुरू केला आणि दोन खुर्च्या ओढल्या.

"दाखव बरं मला, कसं उठतात ते."